लेकराला घेऊन सायकलवर लांब जायचंय? नाशिकमधून सुरुवात अशी करा

हे सगळं साधारण सात ते बारा वर्षांच्या मुलामुलींसाठी लिहितेय, ज्यांना सायकल मस्त येते पण सोसायटीच्या गेटच्या आत. नाशिकमध्ये सायकलवाल्या मोठ्या माणसांची काही कमी नाही. २०१५ साली डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या इथल्याच दोघा भावांनी रेस अक्रॉस अमेरिका ही अख्खी अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत पूर्ण केली आणि त्यानंतर तर रविवारी सकाळी गंगापूर रोडला बघावं तिकडे हेल्मेटं दिसतात. पण या मोठ्यांचं सगळं बोलणं ॲव्हरेज स्पीड किती पडला आणि चढ किती मारला असंच असतं, आणि तेच गणित लेकराला लावलं की दुसऱ्याच रविवारपासून ती सायकल बाल्कनीत उभी राहते आणि तिच्यावर टॉवेल वाळत पडतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की मुलाबरोबरची राईड परतीच्या वाटेवरून ठरवायची. जाताना मूल उड्या मारत जातं, कितीही लांब जातं, तिथे त्याला काही कळत नाही आणि आपल्यालाही वाटतं वा, काय दम आहे. खरा हिशोब नंतर लागतो, ऊन वर आलेलं असतं, पाण्याची बाटली कोमट झालेली असते आणि घर अजून सात किलोमीटर असतं. म्हणून खाली जे काही सांगतेय ते रूट असो, वेळ असो की खाऊ असो, सगळं परतीला धरून.

आधी सायकल बघा, नवीन घ्यायची गरज नसते

आपल्याकडे शाळेचा गणवेश घेतो तशी सायकल घेतात, वाढत्या अंगाची. वर्षभरात उंच होईलच की. गल्लीत चालून जातं ते, पण तासभर चालवायची तर सायकल आजच्या उंचीची पाहिजे. सायकल दोन पायांत घेऊन उभं राहिल्यावर मधला दांडा अंगाला टेकता कामा नये आणि हँडल धरताना अंग फार पुढे ओढलं जायला नको. सहा-सात ते नऊ वर्षांच्या मुलांना बहुतेक करून वीस इंची चाकाची बसते, पुढे चोवीस इंची. पण वय बघून घेऊ नका, पोराला दुकानात नेऊन बसवून बघा.

सीटची उंची ही सगळ्यात जास्त दुर्लक्ष होणारी गोष्ट. दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत म्हणून आपण सीट खाली ठेवतो, मूल शिकत असताना ते बरोबरच आहे. आता मात्र वर करायची. सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवायला सांगा आणि पॅडल एकदम खाली न्या, पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे. मग चवडा पॅडलवर ठेवला की गुडघा जरासा वाकलेला राहतो, तेवढंच हवंय. सीट बुटकी असली की मांड्या लवकर भरून येतात, गुडघे कुरकुरतात आणि आपण म्हणतो याला स्टॅमिनाच नाही. एकदम चार बोटं वर करू नका, घाबरतात, दोन-तीन आठवड्यांत थोडी थोडी करा.

ब्रेक दाबून बघा, तुमच्या नाही, मुलाच्या बोटांनी. बऱ्याच सायकलींचे लिव्हर इतके लांब असतात की लहान बोटं पोचतच नाहीत, लिव्हरजवळ एक छोटा स्क्रू असतो त्याने ते जवळ आणता येतं, सायकलवाले दादा दोन मिनिटांत करून देतात. आणि ते दोन्हीकडे शॉकअप, जाडजूड टायर, डिस्क ब्रेक वगैरे असलेलं जे प्रकरण मुलांना दुकानात आवडतं ना, ते उचलून बघा एकदा. वीस-पंचवीस किलोच्या लेकराने पंधरा-सोळा किलोची सायकल चढावर ओढायची म्हणजे काय ते तुमच्याच लक्षात येईल. साधी, हलकी, शॉकअप नसलेली सायकल लांबच्या राईडला केव्हाही बरी, गिअर असले तर उत्तम, नसले तरी पहिल्या काही राईडना काही अडत नाही.

हवा टायरच्या बाजूवर छापलेल्या आकड्याप्रमाणे भरायची, कमी हवेवर चालवणं म्हणजे ब्रेक लावून चालवणं. पेट्रोल पंपावर भरणार असाल तर जरा बेताने, लहान ट्यूब चटकन जास्त भरली जाते.

हेल्मेटचं थोडक्यात सांगते. डोक्याचा घेर टेपने मोजून घ्या, भुवईच्या वर दोन बोटं बसेल असं, कानाखाली पट्ट्यांचा व्ही झाला पाहिजे आणि हनुवटीखाली एखाद-दोन बोटंच जातील इतपत घट्ट. मागे सरकवून कपाळ उघडं टाकून घातलेलं हेल्मेट फोटोपुरतं. आणि तुम्हीही घाला, नाहीतर तिसऱ्या दिवशी प्रश्न येतोच, आई तू का नाही घातलं.

मैदानावरचं काम

रस्त्यावर जायच्या आधी चार गोष्टी आल्या पाहिजेत. सांगितल्या ठिकाणी थांबणं, सरळ रेषेत हळू चालवणं, एक हात सोडून हात दाखवणं आणि मागे वळून बघणं. डोंगरे वसतिगृहाच्या मैदानावर प्रदर्शन वगैरे नसेल तेव्हा किंवा सुट्टीच्या दिवशी एखाद्या मोकळ्या पार्किंगमध्ये जमतं हे.

यात मागे बघणं सगळ्यात अवघड, कारण मान उजवीकडे वळली की हँडलपण उजवीकडे जातं, आणि रस्त्यावर उजवीकडे म्हणजे थेट गाड्यांमध्ये. याचा सराव आम्ही असा केला की पार्किंगच्या पांढऱ्या पट्टीवरून लेक सायकल चालवत पुढे जायची आणि मी मागे उभी राहून हाताची बोटं वर करायचे, तिने वळून बघायचं आणि ओरडून सांगायचं किती. आधी ती पट्टी सोडून पार समोरच्या ॲक्टिव्हापर्यंत जायची. मग तिच्याच लक्षात आलं की डावा हात हँडलवर जरा सैल ठेवला आणि हनुवटी खांद्याला लावली की सायकल सरळ राहते. हे असं तिला सापडलं म्हणून टिकलं, मी सांगून टिकलं असतं असं वाटत नाही.

ब्रेकचं एक बघून ठेवा, आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना उजवा लिव्हर पुढच्या चाकाचा असतो. उतारावर घाबरून फक्त तोच आवळला तर पोर हँडलवरून पुढे. दोन्ही एकदम, हळूहळू दाबत न्यायचे, आणि खडी किंवा वाळू असेल तर वळणाच्या आधी वेग कमी करायचा, वळताना ब्रेक नाही.

रस्त्यावर कोण कुठे

दोन मोठे असतील तर एक पुढे एक मागे, मूल मध्ये. एकटेच असाल तर तुम्ही मागे राहा, मुलाच्या मागच्या चाकापासून एखाद सायकलभर अंतर ठेवून आणि त्याच्यापेक्षा जरा उजवीकडे. म्हणजे मागून येणाऱ्या गाडीला आधी तुम्ही दिसता, तिला तुमच्याभोवती वळसा घ्यावा लागतो आणि आपोआप मुलाला जागा मिळते. पुढे राहून सारखं मागे वळून बघण्यापेक्षा हे केव्हाही सोपं. फक्त मोठा चौक आला की तुम्ही शेजारी या, उतरा आणि दोघं सायकली हातात धरून पार करा, झेब्रा क्रॉसिंगवरून, लाजायचं काय त्यात.

शब्द आधी ठरवून घ्या, तीन-चारच. आमचे आहेत थांब, डावीकडे, खड्डा आणि गाडी. गाडी म्हटलं की सरळ राहायचं, मागे बघायचं नाही. थांब म्हटलं की आधी थांबायचं, का ते नंतर विचारायचं, मग हवं तेवढं भांड. बाकी वाक्यं चालू सायकलवर ऐकू जात नाहीत आणि हॉर्नच्या आवाजात तर नाहीच नाही.

कुत्री मागे लागली तर पळवायची नाही सायकल, थांबायचं, उतरायचं आणि सायकल मध्ये धरून हळूहळू चालत पुढे जायचं. हेही घरीच करून दाखवा, कारण त्या वेळेला सांगून काही उपयोग नसतो.

रूट: नदीच्या उलट जा

नाशिकमध्ये राहण्याचा फायदा इथे आहे. गोदावरी त्र्यंबकला ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि पूर्वेला आपल्याकडे वाहत येते, म्हणजे पश्चिमेला निघालात की तुम्ही नदीच्या उलट, जरा जरा चढावर चाललेले असता, डोळ्याला दिसत नाही पण पायाला कळतं. आणि येताना तोच रस्ता उताराचा. ताजे पाय चढाला, दमलेले पाय उताराला. पावसाळ्याच्या दिवसांत वारापण पश्चिमेचा असतो, जाताना तोंडावर आणि येताना पाठीवर, म्हणजे परतीला डबल बोनस. सोमेश्वर, गंगापूर धरण, अंजनेरी, त्र्यंबक सगळं त्याच बाजूला आहे.

याच्या उलट नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्याचं. पक्षी बघायला मुलांना फार आवडतं, २०२० मध्ये त्याला रामसर दर्जा, म्हणजे जगात महत्त्वाची पाणथळ जागा असा मान मिळाला, महाराष्ट्रातलं पहिलंच ठिकाण, त्यामुळे शाळेतूनही नाव ऐकलेलं असतं. पण ते पूर्वेला, शहरापासून चाळीसेक किलोमीटर, म्हणजे परतीला चढ आणि तोही दुपारचा. तिकडे जायचंच असेल तर थंडीत सायकली गाडीवर टाकून न्या, चापडगावच्या आसपासच्या गावरस्त्यांवर थोडं फिरा आणि गाडीनेच परत या.

पहिली राईड सोमेश्वर. जेहान सर्कलच्या आसपास राहत असाल तर आनंदवल्लीवरून जाऊन-येऊन दहाच्या आत होतं, सीबीएसकडून, म्हणजे मध्यवर्ती बस स्टँडकडून आलात तर एका बाजूचे सात-आठ धरा. देवळात जायचं, नदी बघायची, कणीस मिळालं तर खायचं आणि परत. याच्यापुढे एकाच दिवशी जायचं नाही, मूल कितीही म्हणालं तरी. हे फार महत्त्वाचं आहे, पहिल्या तीन-चार राईडनंतर मूल म्हणालं पाहिजे की एवढंच?

दुसरा टप्पा गंगापूर गाव ओलांडून धरणाकडे किंवा सावरगावच्या बाजूला बॅकवॉटरला. जाऊन-येऊन पंचवीस-तीसपर्यंत जातं शहराच्या मध्यातून, म्हणून सोमेश्वरला पाय सरावल्यावर. रस्ता छान आहे, द्राक्षबागा आहेत, पाणी आहे. पण शनिवार-रविवार संध्याकाळी तिकडे जाऊ नका, वाईनरी आणि हॉटेलांची गर्दी असते आणि गाड्या कशा चालवतात ते तुम्हाला माहितीये. रविवार सकाळ नऊपर्यंत ठीक. बॅकवॉटरला काठावर बसायचं, आत उतरू द्यायचं नाही, गाळात पाय कुठवर जाईल सांगता येत नाही.

गिरणारे-दुगावकडचा रस्ता अजून निवांत आहे पण सीझन बघून जा. टोमॅटोच्या दिवसांत गिरणारेच्या मार्केटला जाणाऱ्या पिकअपची रांग असते आणि जानेवारी ते मार्च द्राक्षांची वाहतूक. ट्रॅक्टर त्रासदायक नसतो, हळू असतो, त्याची ट्रॉली मात्र वळणावर आतल्या बाजूला येते, म्हणून ट्रॅक्टर ओलांडायला लागला की बाजूला थांबून घ्यायचं.

मुंबई-आग्रा हायवे, द्वारका चौक, उड्डाणपूल हे मुलांबरोबर पूर्ण बाद. पांडवलेणीला जायचंय म्हणतात मुलं, तर रिक्षाने जा आणि पायऱ्या चढा. आणि कुठलाही रूट असो, सध्या सिंहस्थाच्या कामांमुळे कुठला रस्ता कधी खोदलेला असेल नेम नाही, आदल्या दिवशी टूव्हीलरवर एक चक्कर मारून या.

किती लांब, किती वेळ

किलोमीटर मोजूच नका सुरुवातीला, वेळ मोजा. आठ वर्षांचं मूल रस्त्यावर ताशी आठ-दहाच्या वेगाने जातं, थांबे धरून त्याहून कमी. तुमचा वेग तुमच्या घरी ठेवून या. चाळीस-पन्नास मिनिटं चालवून झाली की मोठा थांबा, अधेमधे छोटे. पुढच्या वेळी वाढवायचं तर पंधरा-वीस मिनिटांनी वाढवा, आणि ते एकदा सहज जमलं की तीच राईड परत करा, लगेच पुढची उडी नको.

अजून किती, हा प्रश्न दर पाच मिनिटांनी येणार. सहा किलोमीटर हे उत्तर लहान मुलाला काहीच सांगत नाही. ते पुढचं वडाचं झाड, मग पूल, मग काकांची टपरी, असं सांगा. चढ आला की गिअर चढाच्या आधी हलका करायला शिकवा, पाय अडकल्यावर बदलला तर चेन कडकड करते आणि पडतेसुद्धा. नाहीच जमला चढ तर उतरून ढकलायची, आपणही उतरायचं आणि सोबत चालायचं, सायकलवर बसून वरून चल चल करायचं नाही.

दमल्याची खूण मुलं तोंडाने सांगत नाहीत. बडबडं पोर गप्प झालं, सायकल नागमोडी जायला लागली किंवा समोरचा स्पीडब्रेकर दिसूनही तसंच धडकन गेलं की समजायचं. थांबा, सावलीत बसवा, खायला द्या. आणि अचानक रडारड किंवा चिडचिड सुरू झाली तर दहातल्या आठ वेळा भूक असते.

खाऊ-पाणी

तहान लागेपर्यंत वाट बघायची नाही, दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-दोन घोट. निघायच्या आधी भरपेट नाश्ता नको, अर्धी पोळी-गूळ-तूप किंवा केळं पुरे. सोबत राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, खजूर, आणि थोडं खारं काहीतरी, चिवडा वगैरे, कारण घाम गेला की मुलांना गोड नको होतं. थंडीत रस्त्याला पेरू मिळतात तिखट-मीठ लावून, ते बेस्ट.

आता मिसळीचं. नाशिकची राईड आणि मिसळ नाही असं कसं, पण मिसळ मुक्कामाला खाल्ली आणि मग सायकल चालवायची असेल तर लहान पोटाला ती तर्री चालत नाही. मिसळ घराजवळ आल्यावर खा. मुलाला दही आणि पापड जास्त घ्या, रस्सा कमी. परतीच्या वाटेवर मिसळ पुढे आहे एवढ्या एका आशेवर माझी लेक शेवटचे चार किलोमीटर गाणी म्हणत येते.

सामान आणि बिघाड

तुमच्या बॅगेत हे पाहिजे: मुलाच्या चाकाच्या मापाची एक ट्यूब (माप टायरवर असतं, तुमची ट्यूब तिला चालत नाही), टायर काढायचे दोन लिव्हर, छोटा पंप, ॲलन कीचा (षटकोनी पान्यांचा) सेट, ओला रुमाल, बँडेज, सुटे पैसे. पंपाचं तोंड मुलाच्या सायकलच्या व्हॉल्वला बसतं का ते घरीच बघा. गावाकडच्या रस्त्याला बाभळीचे काटे असतात. ट्यूब बदलताना टायरच्या आतून हळूच बोट फिरवून काटा शोधून काढा, नाहीतर नवीन ट्यूबही दहा मिनिटांत पंक्चर होते.

चेन पडली तर मुलाकडूनच बसवून घ्या. मागची गिअरची दांडी पुढे ढकलून चेन सैल करायची, पुढच्या चक्राच्या वरच्या दातांवर दोन-तीन कड्या बसवायच्या आणि पॅडल हाताने हळू पुढे फिरवायचं, बाकीची आपोआप बसते. हात काळे होतात, मुलांना त्याचा भलता अभिमान वाटतो, पुसून नका देऊ लगेच.

आणि घरी एक माणूस फोन उचलेल असा ठेवा. वीस इंची सायकल रिक्षात मागे कशीबशी मावते, तुमची मावत नाही, त्यामुळे दोघांना आणायचं तर कुणीतरी गाडी घेऊन यायला लागतं किंवा छोटा हत्ती बोलवावा लागतो. हे आधी ठरलेलं असलं की अर्ध्यातून परत यायला आपल्याला जड जात नाही.

कधी निघायचं

मार्च अर्ध्यापासून जून उजाडेपर्यंत सकाळी साडेआठला घरात. उन्हाळ्यात सहा वाजता उजेड असतो त्यामुळे जमतं. डिसेंबर-जानेवारीत उलटं, सूर्य उगवायलाच सात वाजतात आणि निफाडचा पारा पेपरात यायला लागला की आपल्याकडेही बोटं गारठतात, गारठलेल्या बोटांनी ब्रेक नीट दाबला जात नाही. साडेसातनंतर निघा, हातमोजे द्या, स्वेटर पातळ आणि दोन थरांत, अर्ध्या रस्त्यात एक काढायला लागतोच. पावसात हलकी सर असली तर मजा येते मुलांना, पण ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो म्हणून अंतर वाढवा, आणि पाण्याने भरलेल्या डबक्यातून जायचं नाही, खाली काय आहे कुणाला माहीत.

अंजनेरी आणि मग त्र्यंबक

धरणाची राईड दोन-तीनदा आरामात झाली की मूल विचारतंच, त्र्यंबकला कधी. आधी अंजनेरी. सातपूरचा भाग, पपया नर्सरीपर्यंत, कंपन्यांच्या शिफ्टच्या वेळी मुलाला घेऊन जाण्यासारखा नाही, त्यामुळे सायकली गाडीवर टाकून महिरावणीपर्यंत न्या आणि तिथून चालवा, सात-आठ किलोमीटर राहतात. अंजनेरीला नाण्यांचं संग्रहालय आहे, आधी चौकशी करून गेलात तर मुलांचा तास तिथे सहज जातो, पायांनाही आराम.

पूर्ण त्र्यंबक, म्हणजे शहरातून अठ्ठावीस-तीस किलोमीटर आणि तेवढंच परत, हे मी दहा-अकरा वर्षांच्या आत करू नये म्हणेन, आणि तेव्हाही पहिल्यांदा एका बाजूचंच. जाताना गाडीने आणि येताना सायकलने, उताराने, सकाळी लवकर. शंभर मीटरच्या वरचा उतार आहे एकूण, पण इतका पसरलेला की कुठे सायकल सुटत नाही, नुसती पळते. पौषात निवृत्तीनाथांच्या यात्रेच्या दिवसांत रस्त्यावर दिंड्या असतात तेव्हा नको, श्रावणातले सोमवार नको, आणि तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला जाणारी इतकी माणसं असतात की त्या रस्त्याकडे सायकल घेऊन फिरकूच नका.